दमसास : दख्खनच्या घोड्याच्या श्वासाचा मागोवा

अहिल्यानगर जिल्ह्यात आज घोडा कुठे आहे, असे कोणी विचारले तर उत्तरे निरनिराळी येतील. मेंढरांचा कळप पुढे घालून निघालेल्या धनगरांच्या वाटेवर तो पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालतो. पारनेर-संगमनेरकडच्या शर्यतीच्या घाटांत बैलगाडा सुटतो तेव्हा बैलांच्या पुढे घोडी धावते. वरातीत तो सजून उभा असतो, आणि हौसेने घोडेस्वारी शिकणाऱ्या मुलांच्या मैदानातही तो आता दिसू लागला आहे. कामे वेगळी, मालक वेगळे, खुराक वेगळा. तरीही या सगळ्या घोड्यांचे सामर्थ्य एकाच गोष्टीवर तोललेले असते, ती म्हणजे त्यांचा दमसास. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही. त्याच्या नाकपुड्या हीच त्याची एकमेव वाट. विसाव्याला उभा असताना तो मिनिटाला आठ ते चौदा वेळा श्वास घेतो आणि साठेक लिटर हवा आतबाहेर करतो. तोच भरधाव सुटला की प्रत्येक झेपेला एक श्वास असा ताल जुळतो, श्वासांची संख्या मिनिटाला शंभराच्या बरीच वर जाते आणि हवेचे माप दीड हजार लिटरही ओलांडते. अशा वेळी हवेत जे असेल, धूळ, बुरशी किंवा रोगाचे बीज, ते सारे फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोहोचते. या श्वासाची निगा माणसाने कशी राखली, याचा शोध घेत आपण मागे जाऊ लागलो की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. घोडा एका हातातून दुसऱ्या हातात गेला, पण त्याच्या देखभालीचे ज्ञान बहुधा मागेच राहिले. आणि त्याची किंमत दरवेळी घोड्याच्या फुफ्फुसांनी मोजली.

हा रस्ता जिथून दिसू लागतो ते ठिकाण दख्खनपासून फार दूर, आजच्या तुर्कस्तानात आहे. बोगाझकोय येथे विसाव्या शतकाच्या आरंभी हिटाइट राजधानीचे उत्खनन झाले आणि मातीच्या हजारो पाट्या बाहेर आल्या. त्यांत मितान्नी देशाच्या किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाचा ग्रंथ होता. काळ इसवी सनापूर्वीचे चौदावे शतक. रथाचे घोडे सुमारे सात महिन्यांत कसे तयार करावेत, कोणत्या दिवशी किती अंतर चालवावे, किती दौडवावे, केव्हा पाण्यात धुवावे, केव्हा उपाशी ठेवावे, केव्हा दाणा द्यावा, याची दिनचर्या त्याने लिहून ठेवली आहे. फेऱ्या मोजण्यासाठी त्याने वापरलेले 'ऐकवर्तन', 'पंझवर्तन' असे शब्द संस्कृत जाणणाऱ्याला लगेच ओळखीचे वाटतात. घोड्याला एकदम पळवू नये, मेहनत आणि विसावा आळीपाळीने देत त्याचा दम वाढवावा, हे त्या पद्धतीचे सूत्र आहे. आजच्या शर्यतींचे प्रशिक्षकही त्याच सूत्रावर चालतात. घोड्याचे हृदय आणि स्नायू मेहनतीने बळावतात, पण फुफ्फुसे फारशी वाढत नाहीत, हे शास्त्राने पुढे मोजून दाखवले. म्हणजे जन्मतः मिळालेली फुफ्फुसे निरोगी राखणे एवढेच माणसाच्या हाती उरते. किक्कुलीला हे मोजता आले नसेल. त्याच्या विसाव्याच्या दिवसांत मात्र त्याची जाण दिसते.

आपल्याकडे ही जाण राज्यव्यवस्थेचा भाग झाली ती कौटिल्याच्या अर्थशास्त्रात. दुसऱ्या अधिकरणात अश्वाध्यक्षावर एक स्वतंत्र अध्यायच आहे. अश्वशाळेचे तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला असावे, प्रत्येक घोड्याला स्वतंत्र ठाण असावे, तळाला गुळगुळीत फळ्या असाव्यात, मलमूत्र बाहेर जाण्याची सोय असावी, असे त्यात बारकाईने सांगितले आहे. तबेल्यात साचलेल्या मूत्रातून सुटणारा अमोनिया वायू श्वासनलिकेच्या अस्तराला जाळतो, हे आज कोणताही पशुवैद्य सांगेल. कौटिल्याच्या फळ्या आणि निचऱ्याची वाट त्याच धोक्यावरचा उपाय होता. अश्ववैद्यांनी केवळ औषध देऊन भागणार नाही, घोड्याच्या शरीराचा ऱ्हास-वृद्धी पाहून ऋतूप्रमाणे त्याचा आहारही ठरवावा, अशी जबाबदारी त्यांच्यावर टाकली होती. याच परंपरेत शालिहोत्राचे नाव अश्ववैद्यकाचा आदिपुरुष म्हणून घेतले जाते. पुढे नकुलाच्या नावावरचे ग्रंथ आले, जयदत्ताचे 'अश्ववैद्यक' आले, आणि श्वास-कासासारख्या विकारांना त्यांत वात-पित्त-कफाच्या चौकटीत स्थान मिळाले. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' रचला. त्यात घोड्यांची पारख आहे, त्यांचे शिक्षण आहे, आणि घोड्यावर बसून चेंडू खेळण्याचा वाजिवाह्याली विनोदही आहे. रणांगणाबाहेर केवळ खेळासाठी तयार केलेला घोडा दख्खनच्या ग्रंथांत इतक्या तपशिलाने येतो, तो इथे.

पण ग्रंथात ज्ञान असणे आणि ते तबेल्यात पोहोचणे यांत फार मोठे अंतर होते. दख्खन आणि त्याच्या दक्षिणेचा प्रदेश घोड्यांच्या बाबतीत शतकानुशतके समुद्रापलीकडून येणाऱ्या मालावर अवलंबून होता. अरबस्तान आणि इराणच्या किनाऱ्यांवरून गलबते भरून घोडे येत. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने दक्षिणेचे वर्णन करताना नोंदवले की दरवर्षी हजारो घोडे विकत घेतले जातात आणि त्यांतले बहुतेक लवकरच मरतात, कारण त्यांची निगा राखणारे जाणकार तिथे नाहीत आणि त्यांना शिजवलेला भात नि मांस खाऊ घालतात. ठाण्याच्या राजाबद्दल तर त्याने लिहिले की समुद्री चाच्यांशी त्याचा करार होता. लुटीत सापडलेले घोडे राजाला द्यायचे. घोडा इतका दुर्मीळ आणि मोलाचा होता, आणि तरीही त्याला जगवण्याची विद्या त्याच्यासोबत गलबतातून उतरत नव्हती.

या व्यापाराचा एक साक्षीदार आपल्या जिल्ह्याच्या अगदी उंबरठ्यावर येऊन राहिला होता. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४७० च्या सुमारास चौलच्या बंदरात उतरला. सोबत त्याने विकण्यासाठी एक घोडा आणला होता. चौलहून डोंगर चढून तो जुन्नरला पोहोचला आणि पावसाळा त्याने तिथेच काढला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला, धर्म बदलण्याची अट घातली, आणि मोठ्या मिनतवारीने तो घोडा त्याला परत मिळाला. या देशात घोडे जन्मत नाहीत, इथे बैल नि म्हशी जन्मतात, असे त्याने लिहिले. आणि घोड्यांना इथे कडधान्य घालतात, तेल-साखर घालून खिचडी शिजवून देतात, हेही नोंदवले. परदेशी घोडा आता हळूहळू इथल्या दाण्यावर जगायला शिकत होता. त्यानंतर वीसेक वर्षांनी याच जुन्नरच्या मलिक अहमदने बहामनी सत्तेपासून फारकत घेतली आणि सीना नदीकाठी अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, शहर वसवले. चौल हे निजामशाहीचे बंदर होते. अरबी घोडा चौलला उतरणार, घाट चढून जुन्नरला येणार आणि तिथून नगरच्या पागेत जाणार, असा रस्ता ठरून गेला. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेतून पठाराच्या कोरड्या धुळीत येण्याचा हा प्रवास घोड्याच्या श्वासाची पहिली परीक्षा असे.

याच काळात ज्ञानाचाही प्रवास सुरू झाला. बहामनी दरबारात शालिहोत्राचे फारसी रूपांतर झाले, मोगल दरबारातही झाले. त्या फारसी परंपरेतून १७८८ मध्ये जोसेफ अर्ल्स याने कलकत्त्यात इंग्रजी भाषांतर छापले. दक्षिणेत तंजावरच्या भोसल्यांनी जपलेल्या ग्रंथसंग्रहात अश्वशास्त्राची चित्रित पोथी टिकून राहिली. सरस्वती महाल ग्रंथालयाने ती १९५२ मध्ये प्रसिद्ध केली. दरम्यान गावोगावचे सालोत्री, म्हणजे घोड्यांचे वैद्य, हे ज्ञान पोथीशिवाय, हातातून हातात चालवत होते. नाकपुड्या पाहणे, खोकला ऐकणे, बरगड्यांच्या मागे पोटाची हालचाल निरखणे, शेण नि लाळ तपासणे ही त्यांची साधने होती.

नगरच्या भूमीवर घोड्याच्या दमाचा खरा कस लागला तो मलिक अंबरच्या काळात. मोगलांचे अवजड सैन्य, त्यांच्या तोफा, त्यांचे हत्ती यांच्याशी समोरासमोर भिडणे निजामशाहीला परवडणारे नव्हते. मलिक अंबरने मराठा स्वारांच्या हलक्या घोडदळाची बारगीगिरी युद्धपद्धती म्हणून उभी केली. अकस्मात यावे, रसद तोडावी आणि शत्रू सावध होण्याआधी कित्येक कोस दूर निघून जावे. १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीला मोगल आणि आदिलशहा यांच्या संयुक्त फौजेशी लढाई झाली. तलावाचा बांध फोडून अंबरने शत्रूची वाट चिखलात बुडवली आणि मग त्याचे स्वार तुटून पडले. शहाजीराजे या लढाईत गाजले आणि त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. उंच, देखणा अरबी घोडा या युद्धात एकटा पुरा पडणारा नव्हता. लागोपाठ मजला मारणारा, मिळेल त्या चाऱ्यावर तगणारा आणि धुळीत खोकत न बसणारा घोडा हवा होता. तो भीमा, नीरा आणि माण या नद्यांच्या काठी तयार झाला. विल्यम टोन या आयरिश माणसाने अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठ्यांविषयी लिहिताना भीमथडीच्या घोड्याची खास दखल घेतली : मध्यम उंचीचा, मजबूत, देखणा, अंगाने गडद तांबूस आणि पायाने काळा. शतकानुशतके बाहेरून आणलेल्या घोड्यांचे रक्त इथल्या तट्टांत मिसळले, दुष्काळांनी त्यातले नाजूक ते गाळून टाकले, आणि पठाराच्या हवेला सरावलेली एक जात उरली. १७२८ च्या पालखेडला पहिल्या बाजीरावाने निजामाला ज्या वेगाने गुंगवले, त्या वेगामागे अशा घोड्यांची फुफ्फुसे होती.

मराठ्यांच्या पागेची शिस्त कशी होती, याचा पुरावा शिवछत्रपतींच्या एका पत्रात आहे. १६७३-७४ च्या सुमारास चिपळूणजवळ छावणी करून असलेल्या अंमलदारांना ते पाठवले गेले. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आताच मनमानीने उधळू नका, नाहीतर भर पावसात घोडी उपाशी मरतील आणि तो दोष तुमचाच ठरेल, असा त्याचा आशय आहे. त्यापुढचा भाग आणखी बारीक आहे. गवताच्या गंजीजवळ आगट्या पेटवू नका, तंबाखूची चिलीम जपून ओढा, रात्री दिवा जळता ठेवू नका, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सारी वैरण भस्म होईल. श्वासाचा शब्दही या पत्रात नाही. तरीही आपण ते वाचतो तेव्हा लक्षात येते की वैरणीची कोरडी, सुरक्षित साठवण हा राज्याच्या प्रमुखाने जातीने पाहण्याचा विषय होता. कोकणच्या पावसात भिजून कुजलेले, बुरशी चढलेले गवत घोड्यापुढे टाकण्याची वेळ येऊ नये, हा त्या दक्षतेचा दुसरा लाभ होता.

बुरशीच्या गवताने घोड्याचा श्वास कसा बिघडतो, याचा विचार त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एक वैद्य करत होता. सर जॉन फ्लॉयर स्वतः दमेकरी होता. १६९८ मध्ये दम्यावर लिहिलेल्या ग्रंथात त्याने दमा जडलेल्या एका घोडीचे शवविच्छेदन करून तिच्या फुफ्फुसांत हवा कोंडून ती कशी फुगली होती, याचे वर्णन केले. माणसाचा दमा समजून घ्यायला घोडी साक्षीला आली. पुढच्याच पिढीत इंग्लंडच्या शर्यतींच्या घोड्यांत एक वेगळे कोडे उभे राहिले. 'फ्लाइंग चिल्डर्स' हा त्या काळचा गाजलेला घोडा. त्याचा सख्खा भाऊ कधीही शर्यतीत पळवला गेला नाही, कारण त्याच्या नाकातून रक्त येई. लोक त्याला 'ब्लीडिंग चिल्डर्स' म्हणत. पुढे तो 'बार्टलेट्स चिल्डर्स' या नावाने पैदाशीसाठी वापरला गेला. त्याचा मुलगा स्क्वर्ट, स्क्वर्टचा मुलगा मार्स्क, आणि मार्स्कचा मुलगा १७६४ साली जन्मलेला, कधीही न हरलेला 'एक्लिप्स'. आज जगभर शर्यतीत पळणाऱ्या थरोब्रेड घोड्यांपैकी बहुसंख्यांची पितृवंशावळ एक्लिप्सपर्यंत जाते. पुण्याच्या किंवा महालक्ष्मीच्या मैदानात सुटणाऱ्या घोड्यांच्या वंशवृक्षातही हा रक्तस्रावी पणजोबा बसलेला आहे.

कंपनी सरकारच्या हाती दख्खन आले आणि घोड्यांचा व्यवहार पुन्हा बदलला. भीमथडीच्या घोड्यांकडे त्यांचे लक्ष होते. शिरूर तालुक्यातले आळेगाव पागा हे गाव त्या काळच्या पैदाशीची आठवण नावात बाळगून आहे. पण वजनदार शिपाई, जड खोगीर आणि तोफा ओढण्याचे काम यांना देशी घोडा कमी पडतो, असे लष्कराने ठरवले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर ऑस्ट्रेलियाहून 'वेलर' घोड्यांची आयात वाढत गेली. नवे घोडे उतरवून घेण्यासाठी, त्यांना इथल्या हवेची सवय लावण्यासाठी रिमाउंट डेपो उभे राहिले. त्यांपैकी एक नगरला होता. आठवडेच्या आठवडे जहाजाच्या तळघरात, कोंदट हवेत, मान उंच बांधलेल्या स्थितीत हे घोडे प्रवास करत. त्यानंतर आगगाडीचा डबा आणि नगरची धूळ. फुफ्फुसाचा दाह हा अशा प्रवासाचा नेहमीचा साथी असे आणि जहाजाचा ताप म्हणून तो ओळखला जाई. याचे कारण १९९० च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्याच संशोधकांनी उलगडून दाखवले. घोडा चरताना मान खाली घालतो आणि त्या वेळी श्वासनलिकेतला कफ नि जंतू आपोआप बाहेर ओघळतात. मान तासन्‌तास उंच बांधून ठेवली की ही साफसफाई थांबते आणि जंतू खाली उतरू लागतात. शंभर वर्षे एका दोरीने किती घोडे मारले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

याच काळात पुणे-मुंबई भागात पशुवैद्यकाने नवे रूप घेतले. १८६२ मध्ये पुण्यात लष्करी पशुवैद्यकाची शाळा निघाली. १८८६ मध्ये परळला, बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाच्या प्राण्यांच्या रुग्णालयाशेजारी, मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीची स्थापना झाली. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे पहिले प्रमुख. १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या मुक्तेश्वरला हलली आणि तिचाच वारसा आजच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेकडे आहे. सालोत्र्याच्या नजरेला आता सूक्ष्मदर्शकाची जोड मिळाली. घोडदळाला सर्वांत मोठी भीती होती ती ग्लँडर्सची. नाकातून चिकट स्राव, नाकाच्या आतल्या अस्तरावर व्रण, फुफ्फुसात गाठी, आणि शेवटी मृत्यू. शिवाय तो माणसालाही होतो. १८८२ मध्ये जर्मनीत लोफ्लर आणि श्यूट्झ यांनी त्याचा जंतू वेगळा केला, पुढच्या दशकाच्या आरंभी रशियात मॅलीनची चाचणी निघाली, आणि १८९९ मध्ये हिंदुस्थानात ग्लँडर्स आणि फार्सीचा कायदा झाला. रोगी घोडा शोधा, वेगळा करा, मारा, ही पद्धत कठोर होती. पण एका घोड्याचा श्वास हा साऱ्या पागेचा प्रश्न असतो, हे तत्त्व कायद्यात आले.

मग नगरच्याच छावणीत घोड्याचे युग संपले. पहिल्या महायुद्धानंतर इथे चिलखती गाड्यांचे शिक्षण सुरू झाले. १९३८ मध्ये सिंध हॉर्स आणि तेरावी लान्सर्स या रिसाल्यांनी घोडे सोडून यंत्रे घेतली आणि काही वर्षांतच बाकीचे त्यांच्या मागे गेले. १९४८ मध्ये आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूल अहमदनगरला स्थापन झाले. १९९४ पासून तिथे रणगाड्यांचे संग्रहालय आहे. ज्या मातीत भातवडीची लढाई झाली, जिथे वेलर घोडे हवेला सरावले, तिथे आता रणगाड्यांचा सराव चालतो. घोड्याच्या दृष्टीने हे वळण महत्त्वाचे आहे. लष्करासोबत त्याचे पशुवैद्य, नालबंद, मोतद्दार, त्यांची शिस्तीची वह्या-नोंदींची पद्धत हे सारे जिल्ह्यातून कमी होत गेले. घोडा उरला तो शर्यतीचा, खेळाचा, ओझ्याचा आणि हौसेचा. पुन्हा एकदा घोड्याने मालक बदलले आणि ज्ञान मागे राहिले.

स्वातंत्र्यानंतरच्या साथींनी ही उणीव ठळक केली. १९६० मध्ये आफ्रिकन अश्वरोग पश्चिम आशियातून सरकत भारतात आला. त्याच्या फुफ्फुसी प्रकारात छातीत द्रव भरतो, नाकातून फेस येतो आणि घोडा आपल्याच फुफ्फुसांत बुडून मरतो. बारीक डासांसारख्या क्युलिकॉइडिस माश्या तो पसरवतात. मध्यपूर्वेपासून भारतापर्यंत त्या साथीने लाखो घोडे, खेचरे नि गाढवे नेली. १९८५ मध्ये हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र स्थापन झाले, आणि दोनच वर्षांत, १९८७ मध्ये, अश्व इन्फ्लुएंझाची मोठी साथ उत्तर भारतात आली. हाच रोग १८७२ मध्ये अमेरिकेत पसरला तेव्हा शहरांच्या ट्राम थांबल्या होत्या आणि बॉस्टनच्या महाआगीत बंब माणसांनी ओढले होते. २००८-०९ मध्ये जम्मूच्या कटऱ्यापासून तो पुन्हा देशभर फिरला. २००६ मध्ये, संपला असे वाटलेला ग्लँडर्सही महाराष्ट्रासह काही राज्यांत परत दिसला. इन्फ्लुएंझावर हिसारच्या केंद्राने लस तयार केली. ग्लँडर्सवर लस आजही नाही. तिथे रक्ततपासणी आणि विलगीकरण हेच हत्यार आहे. पाथर्डीतल्या मढीच्या यात्रेत गाढवांचा मोठा बाजार भरतो. अशा बाजारांतून जनावर विकत घेणाऱ्याने ते काही दिवस आपल्या जनावरांपासून वेगळे बांधणे किती आवश्यक आहे, हे या इतिहासातून कळते.

खेळाच्या घोड्याचा श्वास मात्र साथीशिवायही बिघडतो, आणि गेल्या पन्नास वर्षांत त्याचे गूढ एकेक करून उकलले. १९७० च्या दशकात लवचीक दुर्बीण घोड्याच्या नाकातून श्वासनलिकेत उतरवता येऊ लागली. शर्यतीनंतर तपासलेल्या घोड्यांच्या श्वासनलिकेत रक्त दिसले, आणि तेही थोड्याथोडक्यांच्या नव्हे. ब्लीडिंग चिल्डर्सचे दुखणे अपवाद नव्हते, तो भरधाव धावण्याचाच परिणाम होता. पुढे जॉन वेस्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवले की धावत्या घोड्याच्या फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांवर इतका दाब येतो की केसाहून बारीक भिंती फाटतात. डाव्या बाजूच्या स्वरयंत्राची नस दुबळी झाल्याने धावताना घोरल्यासारखा आवाज करणाऱ्या घोड्यांवर तर त्याआधीच, विसाव्या शतकाच्या आरंभी, अमेरिकेत विल्यम्स आणि इंग्लंडमध्ये हॉब्डे यांनी शस्त्रक्रिया रूढ केली. आणि फ्लॉयरच्या घोडीचा आजार, ज्याला मधल्या काळात अनेक नावे मिळाली, त्याला २०१६ च्या सुमारास तज्ज्ञांनी एकमताने अश्वदमा म्हटले. त्याचे प्रमुख कारण ठरले वैरणीतली धूळ आणि बुरशीचे बीजकण. गवत पाण्यात भिजवून दिले की श्वासात जाणारी धूळ कितीतरी घटते, हे प्रयोगांनी सिद्ध झाले. हरभरा भिजवून तोबऱ्यात घालणारा जुना मोतद्दार तेच करत होता.

आता आपण वर्तमानात येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने थांबलेल्या बैलगाडा शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाल्या आणि १८ मे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालाने त्यांना स्थिर पाया मिळाला. घाट पुन्हा भरू लागले, तशी पुढे पळणाऱ्या घोडीची किंमत आणि तिच्यावरची मेहनतही वाढली. २०२३ च्या हांगझाऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्ण जिंकले, त्यात मुंबईचा हृदय छेडा होता. त्या संघाला युरोपात राहून सराव करावा लागला, कारण भारतातल्या रोगस्थितीमुळे इथला घोडा परदेशी स्पर्धेत नेणे जवळपास अशक्य होते. २०२५ मध्ये मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोरच्या केंद्रात देशातल्या पहिल्या अश्वरोगमुक्त विभागाला जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. आणि भीमथडी घोड्याला कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने स्वतंत्र जात म्हणून नोंदवले. चौंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात, धनगरांनी वाटेवर जपलेला घोडा आता शासनाच्या नोंदीतही आला.

या लांब रस्त्यावरून इथवर आलेल्या घोडेमालकाच्या हाती आज पूर्वी कोणत्याही पिढीला नव्हते एवढे ज्ञान आहे, आणि त्यातले बहुतेक फुकट वापरता येते. कडब्याची गंजी पावसात भिजू देऊ नये. काळा, बुरशीचा पेंढा घोड्यापुढे कधीच टाकू नये. वैरण शिंपडून किंवा भिजवून, आणि शक्यतो जमिनीवर द्यावी, म्हणजे मान खाली राहील. झाडलोट घोडा बाहेर असताना करावी आणि तबेल्यात वारा खेळता ठेवावा. वाहनातून लांब नेताना मान मोकळी सोडण्यासाठी वाटेत थांबावे. दरवर्षी इन्फ्लुएंझाची लस टोचून घ्यावी आणि नवे जनावर काही दिवस अलग बांधावे. खोकणाऱ्या किंवा ताप आलेल्या घोड्याला मैदानात उतरवू नये. तापाच्या प्रत्येक दिवसामागे आठवडाभर विसावा हा पशुवैद्यांचा संकेत शर्यतीच्या तारखेपेक्षा वरचा मानावा, कारण सुजलेली श्वासनलिका भरून यायला आठवडे लागतात आणि त्याआधी पळवलेला घोडा आयुष्यभरासाठी दम गमावू शकतो. ताकद वाढवण्याच्या नावाखाली विकली जाणारी पूड-तेले घेण्यापूर्वी पशुवैद्याला विचारावे. भीमथडीची जात दुष्काळाने घडवली, पण तिला पुढे टिकवायचे तर दुष्काळाच्या भरवशावर राहून चालणार नाही. बारामतीपासून नेवाशापर्यंत जिथे जिथे घोडा आहे, तिथे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात घोड्याच्या श्वासाची तपासणी करणारा जाणकार आणि त्याला लागणारी दुर्बीण पोहोचली पाहिजे. पूर्वी घोडा नव्या मालकाकडे गेला की विद्या मागे राहत असे. या वेळी दोन्ही एकत्र पोहोचवणे आपल्या पिढीला शक्य आहे, आणि ते केलेच पाहिजे.